तळ पाहण्याचा छंद

मराठी घरात फुलदाणी ही कायम पाहुणीच राहिली. आपल्याकडे फूल उमलले की त्याचे कुठे जायचे ते ठरलेले असते. एक तर ते देवाच्या पायांशी जाते, नाहीतर केसांत जाते, आणि दोन्हीकडून उरलेच तर त्याचा हार होऊन तो कोणा पुढाऱ्याच्या गळ्यात पडतो. फूल तोडून पाण्यात उभे करायचे आणि ते तीन दिवसांत कसकसे कोमेजते हे दिवाणखान्यात बसून पाहायचे, ही कल्पना माझ्या आजीला कोणी सांगितली असती, तर तिने सांगणाऱ्याच्या कपाळावर हात ठेवून ताप आहे का ते पाहिले असते. तरीही फुलदाण्या आपल्या घरांत आल्या. लग्नाच्या आहेरात आल्या, निरोपसमारंभात आल्या, आणि आल्यावर त्यांत काय ठेवायचे हा प्रश्न ज्याने त्याने आपापल्या बुद्धीप्रमाणे सोडवला. मी पाहिलेल्या फुलदाण्यांत मोरपिसे होती, उदबत्त्या होत्या, विणकामाच्या सुया होत्या, विजेची बिले होती. एका वकिलांच्या घरी तर छत्री होती. फुले क्वचित, आणि जी होती ती प्लॅस्टिकची. त्यांना दर दिवाळीला साबणाच्या पाण्याने अभ्यंगस्नान!

अशा या वस्तूच्या नादी मी लागलो, आणि तोही नंदुरबारात राहून. आमचे गाव साठा करण्यात कुणाला हार जाणारे नाही. पण साठा करायचा तो मिरचीचा. दिवाळी सरते न सरते तोच गावाबाहेरच्या पथारींवर लाल मिरची पसरली जाते, आणि त्या दिवसांत वारा फिरला की सारे गाव एका सुरात शिंकते. अशा गावात ‘मास्तर चिनी मातीची भांडी जमवतात’ ही बातमी पसरली, तेव्हा मी कपबशांचे दुकान काढणार अशी बऱ्याच जणांची समजूत झाली. दोघातिघांनी भावही विचारून ठेवला.

सुरुवात शाळेतून झाली. १९७९ साली मी चित्रकलेचा शिक्षक म्हणून नोकरीला लागलो. तेव्हा नंदुरबार हे धुळे जिल्ह्यातले तालुक्याचे गाव होते. त्याचा स्वतंत्र जिल्हा व्हायला १ जुलै १९९८ उजाडावे लागले. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या सरकारी परीक्षांना मुले बसवायची, तर वस्तुचित्राची तयारी करून घ्यावी लागते. आमच्या कपाटात वस्तू म्हणाल तर एक पितळी तांब्या, एक लाकडी घन आणि कोपरा उडालेला एक शंकू. वर्षानुवर्षे तोच तांब्या काढून मुलांचा हात इतका बसला होता, की ती तांब्याकडे न पाहताच तांब्या काढीत. चित्रकलेत याहून मोठा अनर्थ नाही. मुलांनी पाहावे म्हणून त्यांच्यापुढे अनोळखी वळणाचे काहीतरी ठेवायला हवे होते.

ते मला एका भंगारवाल्याच्या गाडीवर मिळाले. नऊ रुपयांना. पांढऱ्या अंगावर निळ्या रंगात एक पूल, पुलाशी वाकलेले झाड, वर दोन पाखरे. वर्गात मी ती फुलदाणी टेबलावर ठेवली आणि मुलांना समजावू लागलो की, भांड्याचे तोंड वर्तुळ असले तरी समोरून ते लंबवर्तुळ दिसते. तळही लंबवर्तुळच दिसतो, पण तो डोळ्यांच्या पातळीपासून अधिक खाली असल्यामुळे तोंडापेक्षा जास्त फुगीर काढायचा. हे दाखवता दाखवता मी फुलदाणी उलटी केली, आणि तळावर बारीक इंग्रजी अक्षरे दिसली : मेड इन जपान.

त्या संध्याकाळपासून मी तळ पाहणारा माणूस झालो.

त्या नऊ रुपयांच्या फुलदाणीचा छडा लावायला मला दोन वर्षे लागली, आणि लागला तेव्हा हसू आवरेना. पूल, झाड आणि पाखरे हे चित्र चिनी नव्हेच. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज कारखानदारांनी चिनी मालाची भूल पडलेल्या गिऱ्हाइकांसाठी ते बेतले. पुढे त्याची इतकी चलती झाली की जपानी कारखाने त्याची नक्कल करू लागले. म्हणजे चिनी असल्याचे सोंग आणणारी इंग्रजी नक्षी जपानात उमटली आणि नंदुरबारच्या भंगारात येऊन पडली! तळावरच्या अक्षरांचीही एक कथा असते. १८९१ पासून अमेरिकेत लागू झालेल्या जकातीच्या कायद्याने परदेशी मालावर देशाचे नाव इंग्रजीत घालणे सक्तीचे केले. जपानी लोक ‘निप्पॉन’ असे लिहीत. १९२१ साली अमेरिकेने बजावले की तसे चालणार नाही, ‘जपान’ असेच लिहा. आणि दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काही वर्षांत तर ‘ऑक्युपाइड जपान’, म्हणजे परसत्तेखालचा जपान, असे लिहिण्याची पाळी त्यांच्यावर आली. केवढा इतिहास त्या दोन शब्दांत! तोही अशा जागी, जिकडे कोणी पाहत नाही.

मात्र तळावर लिहिलेले सगळेच खरे मानू नये. चीनमधल्या चेंगहुआ बादशहाने १४६५ ते १४८७ राज्य केले. त्याच्या नावाचा शिक्का दोनशे वर्षांनंतरच्या, कांगशी बादशहाच्या काळातल्या भांड्यांवर सर्रास आढळतो. त्यात दर वेळी लबाडीच असे असे नव्हे. जुन्या चांगल्या कामाला केलेला तो नमस्कारही असे. आपण नाही का नातवाला आजोबांचे नाव ठेवत? म्हणून जाणकार शिक्क्यावर जात नाहीत, ते तळाच्या कडेवर बोट फिरवतात. भांड्यावर चढवलेली झिलई भट्टीत वितळून काचेसारखी होते. ती तळाच्या कडेलाही लावली तर भांडे खालच्या फळीला कायमचे चिकटून बसेल. म्हणून तेवढी कड पुसून कोरी ठेवतात. बाकी सारे भांडे नटलेले, सजलेले; पण त्या एका वेढ्यात माती जशी आहे तशी दिसते. खरखरीत की गुळगुळीत, पांढरी की करडी, मन लावून तासलेली की घाईने. माणसाचीही अशी एखादी कोरी कड असते आणि लग्न ठरवताना ती पाहायची राहून जाते, असे आमच्या सौभाग्यवतीचे मत आहे. त्यावर मी काही बोललेलो नाही.

या बोट फिरवण्यापायी घरोघरी माझी अपकीर्ती झाली, ती निराळीच. कोणाकडे चहाला गेलो की हात आपोआप कोपऱ्यातल्या फुलदाणीकडे जाई. ती उलटी करावी तर आतून दोन लिमलेटच्या गोळ्या, एक किल्ली आणि वर्षापूर्वी हरवलेले रेशनकार्ड बाहेर पडे. यजमानीण बाईंना किल्ली सापडल्याचा आनंद व्हावा की राग यावा, ते कळत नसे.

नंदुरबारात बसून हा छंद चालला कसा, असे पुष्कळ जण विचारतात. त्याचे उत्तर आगगाडीत आहे. आमचे स्टेशन सुरत ते भुसावळ या मार्गावर. वाटेत नवापूरचे स्टेशन अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत. एकाच बाकाचा अर्धा भाग या राज्यात, अर्धा त्या राज्यात. रुळांच्या आधीही सुरतेहून बुऱ्हाणपूरला जाणारी मोगली काळची वाट नंदुरबारवरूनच जाई. इंग्रजांचा वकील टॉमस रो १६१५ साली जहांगिराच्या भेटीला निघाला तो याच वाटेने. मी रविवारी सकाळची गाडी धरून उलट दिशेने सुरतेला, कधी पुढे नवसारीला जात असे. एकोणिसाव्या शतकात त्या बाजूच्या पारशी व्यापाऱ्यांनी चीनशी मोठा व्यापार केला, आणि जहाजांतून परतताना रेशमी गारा नि चिनी भांडी घरी आणली. शंभर वर्षांनी ती घरे एकेक करून बंद होऊ लागली, तेव्हा कपाटे रिकामी करायची पाळी आली.

अशाच एका घरातल्या म्हाताऱ्या पारशीण बाईंकडून घेतलेली एक फुलदाणी माझ्याकडे आहे. हिरवट पांढरी, मानेपाशी गुलाबी फुलांची रांग. तिचे कधीतरी चार तुकडे झाले होते आणि ते पितळी टाक्यांनी सांधलेले आहेत. ही विद्या आता जवळजवळ गेली. पूर्वी चिनी भांडी सांधणारे कारागीर गल्लोगल्ली फिरत. हिऱ्याच्या टोकाने भांड्याच्या भिंतीत ते जेमतेम अर्ध्या जाडीपर्यंत भोक पाडत, आरपार नाही, आणि त्यात तारेचा टाका असा ताणून बसवत की दोन्ही तुकडे एकमेकांना घट्ट धरून राहत. बाजारात असल्या भांड्याला किंमत नाही. बाईंनी तिचे पैसे जवळपास नाममात्रच घेतले. पण तिच्या आईच्या हातून ती पडली होती आणि आईनेच ती सांधून घेतली होती, हे त्यांनी मला दोनदा सांगितले. निरोप घेताना तिसऱ्यांदा सांगितले. माझ्या मते सबंध संग्रहात हिच्याइतकी जिवाला लावून घेतलेली दुसरी वस्तू नाही. सतरा टाके आहेत. दर दिवाळीला फडके फिरवताना मी ते मोजतो.

आता जी नाही, तिच्याविषयी.

मुंबईची सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळा १८५७ साली निघाली हे सर्वांना ठाऊक आहे; पण तिथे फुलदाण्याही घडत, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. १८७० नंतरच्या काळात जॉर्ज टेरी नावाच्या शिक्षकाने तिथे मातीकामाचा विभाग उभा केला. सिंधमधल्या झिलईच्या भांड्यांची परंपरा मोठी, म्हणून तिथले कुंभार आणले. त्याच सुमारास, १८७२ पासून १८८५ पर्यंत, जॉन ग्रिफिथ्स हे शाळेतल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जात आणि भिंतींवरच्या चित्रांच्या नकला करून आणत. त्या नकलांतले हंस, हत्ती, कमळवेली शाळेतल्या भांड्यांवर उतरल्या. टेरीने ‘वंडरलँड आर्ट पॉटरी’ या नावाने तो माल नावारूपाला आणला, आणि साहेबलोकांनी तो विलायतेला नेला. नकलांचे नशीब मात्र खडतर. ग्रिफिथ्सच्या आधी रॉबर्ट गिलने केलेल्या नकला १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या होत्या. ग्रिफिथ्सच्याही कितीतरी १८८५ साली साउथ केन्सिंग्टनच्या आगीत गेल्या. कापडावरचे हंस जळाले. मातीवरच्या हंसांना काही झाले नाही, कारण त्यांनी आपल्या वाट्याची आग आधीच भोगली होती. त्यांपैकी काही आज भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात पाहायला मिळतात. कोणी मुंबईला गेले तर राणीची बाग मुलांना दाखवून झाल्यावर शेजारच्या त्या इमारतीत अर्धा तास जरूर काढावा.

अजिंठा म्हणजे आम्हां खानदेशकरांच्या उंबरठ्यावरचे ठिकाण. तिथले हंस मुंबईला जाऊन फुलदाणीवर बसले, याचे मला फार वाटे. फुलदाणीला मी पाहुणी म्हटले खरे, पण त्यावर कोणी सांचीच्या तोरणांवरच्या पूर्णघटाकडे बोट दाखवील. पोटात पाणी, तोंडातून उमललेली कमळे, असा दगडी घट आपल्या शिल्पींनी दोन हजार वर्षांपूर्वी कोरला. त्याला फुलदाणी म्हणायला माझी हरकत नाही. फक्त तो मंगलचिन्ह म्हणून दारावर राहिला, टेबलावर आला नाही.

१९८६ साली मुंबईच्या चोरबाजारात, मटन स्ट्रीटवरच्या एका दुकानाच्या अगदी मागच्या फळीवर, मला टेरीच्या शाळेची एक फुलदाणी मिळाली. फूटभर उंच, मधासारखा पिवळा रंग, त्यावर गडद तपकिरी रेषांत कमळवेल आणि वेलीतून मान वळवून पाहणारे पाच हंस. तळावर शाळेचे नाव कोरलेले. दुकानदाराने तळ पाहिलेला नव्हता. त्याने मागितलेले पैसे मी देऊ शकलो, एवढ्यावरूनच ते कळावे. रात्रभर गाडीत ती मांडीवर घेऊन आलो. सौभाग्यवतीने ती पाहिली आणि एवढ्या पैशांत पितळी पिंप आले असते असे सांगितले. पुढली पंधरा वर्षे ती या ना त्या निमित्ताने पिंपाची आठवण करून देई.

२००१ साली मुलीला पुण्याला शिकायला पाठवायचे होते. मुंबईचे एक संग्राहक फुलदाणी पाहून गेले होतेच. त्यांनी दिलेल्या रकमेतून मुलीच्या दोन वर्षांच्या शिक्षणाची सोय झाली. शंभर वर्षांहून जुनी वस्तू कायद्याने देशाबाहेर नेता येत नाही, त्यामुळे पाचही हंस अजून याच देशात आहेत, हे समाधान मला आहे. मुलगी शिकली, आपल्या पायांवर उभी राहिली. या व्यवहाराबद्दल मला कधी चुकचुकल्यासारखे वाटले नाही. वाटले ते पिंपवालीला! फळीवर जिथे ती फुलदाणी असे तिथे लाकडावर एक फिकट गोल उमटला होता. त्या जागी मी दुसरे काही ठेवू लागलो की ती म्हणे, “अहो, राहू द्या ना तेवढे मोकळे.” दिवाळीची झाडलोट करताना सगळ्या फुलदाण्या पुसून झाल्या की ती त्या रिकाम्या गोलावरही फडके फिरवी. पंधरा वर्षे जिला नावे ठेवली तिच्यासाठी हे! बायकांच्या मनाचा तळ पाहायची सोय नाही, एवढेच मी म्हणतो.

सेवानिवृत्तीनंतर जुन्या भांड्यांच्या किमती माझ्या आवाक्याबाहेर गेल्या आणि मी नव्या कुंभारांकडे वळलो. नवे म्हणजे स्टुडिओ पॉटरी करणारे. कारखान्यात एक जण घडवतो, दुसरा रंगवतो, तिसरा भाजतो. इथे माती मळण्यापासून भट्टी उघडण्यापर्यंत सारे एकाच माणसाचे. इंग्लंडात बर्नार्ड लीच याने जपानी मित्र शोजी हामादा याच्या सोबतीने १९२० साली सेंट आयव्ह्‌ज या कोळ्यांच्या गावी भट्टी लावली, तेव्हापासून या पंथाला जोर चढला. आपल्याकडचे आद्य पुरुष सरदार गुरुचरण सिंग. तेही तरुणपणी जपानात जाऊन शिकून आले आणि दिल्लीला निळ्या झिलईची भांडी करू लागले. निर्मला पटवर्धन यांनी झिलयांचा जन्मभर अभ्यास केला आणि कुंभारकाम करणाऱ्यांसाठी हाताशी ठेवावे असे पुस्तक लिहिले. १९७१ पासून पाँडिचेरीच्या गोल्डन ब्रिज पॉटरीत तर दोन पिढ्या तयार झाल्या. त्या बाजूला फिरायला गेलो असताना मी एक लहानशी करडी फुलदाणी आणली. अंगावर राखेचे ओघळ, मान किंचित कललेली, आणि तळाशी घडवणाऱ्याची सही.

ती सही मी मोठ्या अभिमानाने आमच्या आप्पांना दाखवली. आप्पा म्हणजे गावातल्या कुंभारांच्या वस्तीतले शेवटचे चाकावर बसणारे. मुलगा सुरतेला लूमवर कामाला. आप्पांनी फुलदाणी हातात घेतली, कानाशी नेऊन टिचकी मारली आणि अहिराणीत विचारले, “मास्तर, यामा पानी थंड व्हस का?”

म्हटले, “नाही.” होणार कसे? मडक्यात पाणी गार होते ते त्याच्या अंगातून पाझरते म्हणून. पाझरलेले पाणी वाऱ्याने उडून जाते आणि जाताना आतली ऊब घेऊन जाते. झिलईने अंगाची सारी रंध्रे बुजली की तो खेळ संपला.

“मंग हाई कसाले?” आप्पा म्हणाले, आणि फार काळजीपूर्वक ती माझ्या हातात परत दिली.

आप्पांची कामे वर्षाच्या चाकाला बांधलेली. आखाजीला पितरांसाठी घागरी, उन्हाळाभर माठ, नवरात्रात घट, दिवाळीत लक्ष्मीपूजनाला लाह्या-बत्तासे भरायची बोळकी, आणि मांड्यांसाठी खापर. ज्यांनी खापरावरचा मांडा खाल्ला नाही त्यांना खानदेश कळला नाही असे मी म्हणत नाही; पण मनात येतेच. याशिवाय कोणाचे कधी सांगता येत नाही असे एक मडके, ते आप्पा नेहमी तयार ठेवतात आणि त्याचे पैसे मागत नाहीत. ते देतात, घेणारा देईल ते घेतात.

एकदा मी सवयीने त्यांची एक घागर उलटी केली आणि थबकलो. चाळीस वर्षे तळ पाहत आलो, आणि या घागरीला तळच नव्हता! म्हणजे होता, पण पाहण्याजोगी कड नाही, सही करण्याजोगी सपाटी नाही, नुसता गोल. चाकावरून घागर उतरते तेव्हा ती जाड आणि अर्धवट असते. थोडी वाळल्यावर आप्पा आतून दगडी गोळा धरतात, बाहेरून लाकडी चोपण्याने हळूहळू ठोकतात, आणि ठोकता ठोकता भिंत पातळ होत होत खाली पोट भरत जाते. बाहेरून गुळगुळीत, आत हात घालून पाहिले तर गोळ्याच्या खुणा बोटांना लागतात, एकाशेजारी एक, सरळ ओळीत. त्या ओळी पाहिल्यावर हे काम आप्पांचे की दुसऱ्याचे, ते मी आता अंधारातही सांगू शकतो. मी त्यांना म्हटले, “आप्पा, एखाद्या घागरीवर तुमचे नाव घाला. मला ठेवायची आहे.” ते हसले. “पानी पेनाराले नावनं काय काम?” असे म्हणून त्यांनी चाकाला काठी लावली.

आता प्रकाश्याकडे वळतो, कारण आप्पांची नि माझी खरी मैत्री तिथून जुळली. तापी आणि गोमाई यांच्या संगमावरचे प्रकाशे हे शहादा तालुक्यातले क्षेत्र दक्षिणकाशी म्हणून प्रसिद्ध आहे. केदारेश्वराच्या दर्शनाला जाणाऱ्यांना बहुधा माहीत नसते, की तिथल्या टेकाडात १९५५ साली पुरातत्त्व खात्याच्या बी. के. थापर यांनी उत्खनन केले, आणि अगदी खालच्या थरांत तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीची रंगवलेली खापरे मिळाली. लाल अंगावर काळी नक्षी. त्यांत माळव्याच्या वळणाची होती आणि नगर जिल्ह्यातल्या जोर्वे गावावरून जिला नाव मिळाले त्या वळणाचीही होती. जोर्व्याच्या भांड्यांची खूण म्हणजे त्यांची लांब तोटी, आणि टिचकी मारली की धातूसारखा येणारा खणखणीत आवाज; इतकी ती पक्की भाजलेली.

त्या बाजूची मुले माझ्या वर्गात असत. पावसाळ्यानंतर एखादा पोरगा खिशातून लाल-काळे खापर काढून टेबलावर ठेवी आणि विचारी, “सर, तुमच्या कपाटात ठेवायचं?” लोभ कोणाला होत नाही? पण मी एकही ठेवले नाही. कपाटात आले की ते माझे एक खापर. जिथे होते तिथे राहिले तर ते एका घराचे, एका चुलीचे, एका थराचे. उद्या कोणी जाणता माणूस पुन्हा खणायला आला तर त्याला ते तिथेच भेटले पाहिजे. मी मुलाकडून त्याचे हुबेहूब चित्र काढून घेई, खाली गाव, शेत आणि तारीख लिहवून घेई, आणि खापर जिथून उचलले तिथेच परत ठेवायला सांगे. माझ्या विद्यार्थ्यांनी काढलेली अशी एकसष्ट चित्रे एका वहीत चिकटवलेली आहेत. तांब्या न पाहता काढणाऱ्या शाळेत मुले एवढी निरखून पाहू लागली, याचे श्रेय कोणा साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या कुंभाराला.

गेल्या उन्हाळ्यात मी तोटीच्या भांड्याचे मोठे चित्र काढून आप्पांकडे नेले. आप्पांनी कागद लांब धरला, जवळ धरला आणि म्हणाले, “हाई तं आपलंच काम शे.” मग मी न विचारता सांगू लागले : पोट आधी करायचे, खांद्याला धार काढायची, तोटी वेगळी वळायची आणि दोन्ही सारखीच वाळलेली असताना जोडायची, एक ओले नि एक कोरडे असले की सांधा उलणार. बोलता बोलता माती हातात आलीच. तीन भांडी केली. आव्यात पहिले तोटीपाशी तडकले. दुसरे दिसायला सर्वांत देखणे निघाले, पण गळू लागले. तिसरे उत्तम साधले. टिचकीला खणखणाट नाही आला. तेवढ्यासाठी अधिक जळण आणि अधिक वेळ लागेल, असे आप्पांचे म्हणणे.

दोन्ही घरी आणली. सौभाग्यवतीने रात्रभर पाणी भरून पाहिले, सकाळी तिसरे भांडे स्वयंपाकघरात घडवंचीवर ठेवले आणि गळके माझ्यापुढे आणले. “जे गळते ते तुमचे,” म्हणाली, आणि स्वतःच्या हाताने ते फळीवरच्या रिकाम्या गोलावर नेऊन ठेवले. चोवीस वर्षांत तिथे ठेवलेली पहिली वस्तू. तळ गोल असल्यामुळे ते कलंडत होते, म्हणून तिने जुन्या साडीची चुंबळ करून खाली घातली.

आप्पांना हे सांगितले तर त्यांचा अभिमान दुखावला. दोन दिवस भाताची पेज भरून ठेवा, रंध्रे बुजतील, गळायचे थांबेल, असे ते म्हणतात. आम्ही अजून ठेवलेली नाही. बोळक्यांची गडबड आटोपली की चौथे भांडे करायचे त्यांनी ठरवले आहे, आणि त्यासाठी वहीतली आणखी चार चित्रे मोठी करून मागितली आहेत. दोन झाली आहेत. उरलेली दोन भाऊबीजेपर्यंत काढून द्यायची आहेत.